टीएसएच जागेवर आला, मग मांडीत जोर का नाही?

पत्र:

डॉक्टर, स.न.वि.वि.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. वय ४७, वजन ६४ किलो. दोनेक वर्षं अंग जड, पायात गोळे, फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना हात भरून यायचा. वयाचं म्हणून सोडून दिलं. मध्ये कोलेस्टेरॉल जास्त निघालं, त्याची गोळी सुरू झाली आणि दुखणं वाढलंच. आठ महिन्यांपूर्वी एका डॉक्टरांनी थायरॉईड तपासला तर टीएसएच (थायरॉईड कमी पडला की हा वाढतो) ६२ आणि सीपीके (स्नायूंमधलं एन्झाइम) ७८०, दोन्ही फार जास्त. थायरॉईडची गोळी सुरू झाली, सध्या १०० मायक्रोग्रॅम. गेल्या महिन्यात टीएसएच ३.२ आला. घरचे म्हणतात, झालीस की बरी. चेहऱ्याची सूज गेली, थंडी वाजायची थांबली, हे खरं. पण हळदीकुंकवाला मांडी घालून बसले की उठताना अजून हात टेकावा लागतो. अजिंक्यतारा दर रविवारी चढायचे, आता अर्ध्यातच मांड्या थरथरतात.

भाचा हिल मॅरेथॉन पळतो. तो म्हणतो, स्नायूसुद्धा हार्मोन तयार करतात, आयरिसिन वगैरे, आणि थायरॉईड कमी असला की ते आटतात, टीएसएचमध्ये ते दिसत नाही. त्याने एक पॅकेज शोधलंय, साडेसहा हजारांचं. त्यात आयरिसिन आणि मायोस्टॅटिन तपासतात आणि आयरिसिन कमी निघालं तर वाढवणाऱ्या कॅप्सूल देतात. करू का? की गोळीच १२५ची करून घेऊ? मी उठल्याउठल्या थायरॉईडची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चहाबरोबर एकदमच घेते, विसरायला नको म्हणून. आणि घरात कोबी-फ्लॉवर बंद केलाय, मुलगा कुरकुरतो. तेवढंही सांगा.

एक वाचक

उत्तर:

बाई (शिक्षिका आहात, म्हणून बाईच म्हणते), आधी पैशाचं बोलते. साडेसहा हजार खर्च करू नका. गोळी १२५ची करून घेऊ नका. कोबीकडे शेवटी येते.

पण भाच्याला रागवू नका. त्याने जे वाचलंय त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो इतका गमतीचा आहे की मला त्यावर दोन घटका बोलायचंच आहे. चूक होते ती दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे रक्त काढून पैसे घेण्यापाशी.

आम्ही शिकत होतो तेव्हा स्नायू म्हणजे हमाल. मेंदूने हुकूम सोडायचा, याने ओझं उचलायचं. हार्मोन तयार करण्याचा मान गळ्यातल्या थायरॉईडला, स्वादुपिंडाला, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना. २००० सालाच्या आसपास कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाने दाखवलं, की काम करणारा स्नायू इंटरल्युकिन-६ नावाचा रेणू रक्तात सोडतो. मॅरेथॉनसारख्या लांबलचक श्रमात त्याची रक्तातली पातळी शंभर पटीपर्यंत जाऊ शकते. हाच रेणू तापात, सुजेतही वाढतो, म्हणून आधी लोकांना वाटलं की स्नायू फाटतोय. पण स्नायूला इजा झालेली नसतानाही तो सुटत होता. यकृताला साखर सोडायला सांगत होता, चरबीला विरघळायला सांगत होता. स्नायूंतून सुटणाऱ्या अशा रेणूंना पेडरसन यांनी २००३ मध्ये ‘मायोकाइन’ हे नाव सुचवलं. हमालाला लिहिता-वाचता येतं आणि तो घरोघर चिठ्ठ्या धाडतो, असं एकदम लक्षात आलं.

आयरिसिन त्यातलीच एक चिठ्ठी. २०१२ मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने ती जाहीर केली आणि ग्रीकांच्या आयरिस या निरोप्या देवतेवरून नाव दिलं. व्यायामाने स्नायूत पीजीसी-१ अल्फा नावाचं एक बटण दाबलं जातं, त्याने पेशीच्या पापुद्र्यावर एक लांब प्रथिन उगवतं, त्याचा बाहेरचा तुकडा कापला जाऊन रक्तात पडतो, तो आयरिसिन. उंदरांत त्याने पांढऱ्या चरबीला तपकिरी चरबीचे गुण आले, म्हणजे साठवून ठेवायचं सोडून ती जळून उष्णता द्यायला लागली. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं असतं?

मायोस्टॅटिन त्याच्या उलट्या स्वभावाचं. ते स्नायूचाच ब्रेक. स्नायू स्वतःच ते तयार करतो आणि स्वतःच्या वाढीला आवर घालतो. १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, ते पैलवानासारखे फुगले. बेल्जियन ब्लू जातीचा बैल कधी चित्रात पाहिलात तर लक्षात येईल. त्याच्यात हाच ब्रेक जन्मतः तुटलेला असतो.

आता थायरॉईड या गोष्टीत कुठे येतो ते सांगते, आणि त्यासाठी माझ्या दवाखान्यातली एक खुर्ची दाखवते. पेशंटला मी त्या खुर्चीवर गुडघे टेकून उभं करते, पाठ माझ्याकडे, पावलं कडेवरून बाहेर लोंबती. टाचेच्या वर जी जाड दोरी हाताला लागते तिच्यावर रबरी हातोडीने हलका टोला. पाऊल खाली झटका देतं आणि लगेच परत येतं, दोन्ही हालचाली सारख्याच चपळ. थायरॉईड फार कमी असलेल्या माणसात झटका येतो बऱ्यापैकी, पण परत येताना पाऊल बँकेच्या काचेच्या दारासारखं येतं. सावकाश, वर कुणीतरी पिस्टन लावल्यासारखं. थायरॉईडच्या रक्ततपासण्या नव्हत्या त्या काळात जुने डॉक्टर एवढ्यावरून निदान सांगायचे, आणि मला अजूनही रिपोर्ट हातात यायच्या आत ही हातोडी मारायला आवडते.

ते दार सावकाश का मिटतं? स्नायू आकसतो तो कॅल्शियम सुटल्यामुळे आणि सैलावतो तो ते कॅल्शियम पुन्हा आतल्या कोठीत ओढून घेतल्यावर. ओढून घ्यायला छोटे पंप असतात. किती पंप बसवायचे आणि कोणत्या वेगाचे, हे थायरॉईड हार्मोन ठरवतं. ते कमी पडलं की पंप कमी, वेगवान जातीचे तंतू सुकतात, संथ जातीचे उरतात, ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या मंदावतात. म्हणून जिन्यात मांड्या भरतात, फळ्यावर हात वर राहत नाही, पायात गोळे येतात. पेशींच्या भिंती गळक्या होऊन आतलं एन्झाइम रक्तात झिरपतं, ते तुमचं ७८० सीपीके. तुमच्या पत्रातलं फळ्याच्या वरच्या ओळीचं वाक्य वाचलं तेव्हाच मला पुढचा टीएसएच न वाचता अंदाज आला होता. खांदे आणि मांड्या, म्हणजे धडाजवळचे मोठे स्नायू, हेच थायरॉईडच्या स्नायूदुखीत आधी ढिले पडतात.

गोळीत तुम्ही घेता ते टी-४ नावाचं थायरॉईड हार्मोन. ते जवळजवळ कच्चा माल. स्नायू आपल्यापुरतं त्याचं टी-३, म्हणजे पक्का माल, करून घेतो, आणि टी-३ जी बटणं दाबतं त्यात मघाचं पीजीसी-१ अल्फाही आहे. इथे भाच्याचा तर्क बरोबर जुळतो: थायरॉईड कमी, बटण ढिलं, आयरिसिन कमी, गोळी सुरू, आयरिसिन वर. कागदावर अगदी सरळ गणित.

माणसांवर मोजायला गेले तेव्हा गणित चुकलं. काही अभ्यासांत थायरॉईड कमी असलेल्यांचं आयरिसिन कमी भरलं आणि जितकं सीपीके जास्त तितकं ते कमी, असंही दिसलं. काहींत ते उलट जास्त निघालं. काहींत फरकच नाही. गोळीनंतर काय होतं यातही तेच, कुठे वाढलं, कुठे होतं तिथेच. याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. आयरिसिन फक्त स्नायू सोडत नाही, चरबीही थोडं सोडते, आणि थायरॉईड कमी असताना वजन वाढलेलं असतं. कुणाचा थायरॉईड ऑपरेशननंतर तीन आठवडे कमी होता, कुणाचा तुमच्यासारखा दोन वर्षं. दोघांचे स्नायू एकाच अवस्थेत कसे असतील? शिवाय कमजोर झालेलं शरीर भरपाई म्हणून एखादी गोष्ट जास्त सोडतं, तशीही शक्यता आहे.

आणि मोजमापाचंच म्हणाल तर त्यावरून शास्त्रज्ञांत चांगली जुंपली होती. माणसातल्या आयरिसिनच्या जनुकाची सुरुवात नेहमीच्या अक्षरांनी होत नाही, त्यामुळे माणसात हे प्रथिन नीट तयार तरी होतं का, अशी शंका निघाली. बाजारातल्या तपासणी किटांमधली प्रतिपिंडं रक्तातल्या भलत्याच प्रथिनांना चिकटतात, असं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षी स्पीगलमन यांच्याच गटाने वस्तुमान मोजण्याच्या पद्धतीने, किटाला हात न लावता, आयरिसिन पकडलं. बैठं काम करणाऱ्यांत एका मिलिलिटरला सुमारे ३.६ नॅनोग्रॅम, जोरकस व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ४.३. म्हणजे आयरिसिन आहे, पण अगदी चिमूटभर, आणि दोन गटांतला फरकही चिमटीतलाच. किटांचे आकडे मात्र एका कंपनीच्या तुलनेत दुसरीचे शेकडो पटींनी वेगळे आलेले आहेत. तुमच्या रिपोर्टवर एखादा आकडा येईल, शेजारी ‘नॉर्मल’ची रेघही असेल. ती रेघ कुणी, कुणाचं रक्त घेऊन मारली, हे त्या पॅकेजवाल्याला विचारून बघा.

कॅप्सूलबद्दल एवढंच. आयरिसिन हे प्रथिन आहे. गिळलं तर वरणातल्या डाळीसारखं पचेल. आणि ‘शरीरात आयरिसिन तयार करायला लावणारं’ काही त्यात असेल, तर ते थायरॉईडच्या पेशंटला उपयोगी पडतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. अशा डब्यांत कधीकधी समुद्री शेवाळाचं आयोडीन ठासून भरलेलं असतं, ते तुमच्या थायरॉईडला आणखी बिघडवायला पुरेसं आहे.

तर मग टीएसएच बरा येऊनही उठताना हात का टेकावा लागतो?

एक तर, वेळ. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरीचा निकाल असतो. तिचं समाधान झालं की ती आरडाओरडा थांबवते. सीपीकेही बहुधा काही आठवड्यांत उतरतो. पण दोन वर्षांत सुकलेले तंतू पुन्हा भरायला महिने लागतात. हॉलंडमध्ये २००० साली छापून आलेला एक छोटा पण नेटका अभ्यास आहे, नव्यानेच निदान झालेल्या थायरॉईडच्या पेशंटांचा. थायरॉईड कमी असलेल्या २४ जणांपैकी ३८ टक्क्यांत तपासून दिसेल एवढी स्नायूंची कमजोरी होती. वर्षभर उपचारानंतरही १३ टक्क्यांत ती शिल्लक होती. आणि सीपीकेचा आकडा मोठा म्हणून कमजोरी मोठी, असा मेळ काही बसला नाही. तुमचे आठच महिने झालेत, त्यातले पहिले काही डोस हळूहळू वाढवण्यात गेले असणार. तेव्हा घरचे म्हणतात ‘बरी झालीस’ आणि तुम्ही म्हणता ‘नाही’, यात खोटं कुणीच बोलत नाही.

इथे थोडं विषयांतर करते. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. वय ४६, तुमच्याहून एक वर्षाने लहान. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाल संथ. बाई सुधारल्या, आणि पुढे अर्क तोंडाने घेत १९१९ पर्यंत जगल्या. तेवढ्या वर्षांत त्यांना ८७० मेंढ्यांचे थायरॉईड लागले, असा हिशेब मरेंनी स्वतः मांडून ठेवलाय. तुमची भागते ती मोहरीएवढ्या गोळीवर. पेशंट कंटाळली की मी ही मेंढ्यांची गोष्ट सांगते.

दुसरं, ती कोलेस्टेरॉलची गोळी. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली, मला मात्र ती सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. थायरॉईड कमी असला की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलत नाही, ते वाढतं. म्हणजे तुमचं कोलेस्टेरॉल थायरॉईडचंच बाळ असू शकतं. त्यावर दिलेली स्टॅटिन जातीची गोळी काही जणांच्या स्नायूंना त्रास देते, आणि उपचार न झालेला थायरॉईड असेल तर हा त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणून स्टॅटिन सुरू करण्याआधी एकदा टीएसएच बघावा, असं पुस्तकातच आहे. तुमच्या बाबतीत क्रम उलटा झाला. होतं असं, थायरॉईडचं दुखणं ‘वयाचं’ म्हणून झाकलं जातं. आता टीएसएच जागेवर आहे, तेव्हा उपाशीपोटी कोलेस्टेरॉल पुन्हा करून घ्या आणि तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांना विचारा, ही गोळी अजून लागते का, कमी करता येईल का, बदलता येईल का. मनाने बंद करू नका. तुम्हाला साखर, रक्तदाब आहे का, घरात लवकर हार्ट अटॅक आलेलं कुणी आहे का, हे मला तुमच्या पत्रातून कळलेलं नाही आणि निर्णय त्यावर ठरतो.

त्याच रक्तात सीपीके पुन्हा बघा. पहिल्यानंतर तो केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. त्याआधी तीन-चार दिवस गड नको, नवा व्यायाम नको आणि दंडात-कंबरेत इंजेक्शन नको, नाहीतर त्यानेही आकडा चढतो. व्हिटॅमिन डी पण बघा. ते फार कमी असलं तर हुबेहूब हेच होतं, जमिनीवरून उठता येत नाही, जिना नको वाटतो. साताऱ्यात ऊन रगड आहे, पण तुम्ही दिवसभर वर्गात. केस, नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर थायरॉईडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा, ती रिपोर्ट खोटा दाखवते. थायरॉईड, कोलेस्टेरॉल, सीपीके, व्हिटॅमिन डी मिळून त्या पॅकेजच्या निम्म्यात होईल, आणि यातल्या प्रत्येक आकड्यावर काहीतरी करता येतं.

तिसरं, तुमचा सकाळचा चहा. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच मिठी मारून बसतात, ती रक्तात नीट जात नाही. चहा-कॉफीही आडवी येते. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहाआधी अर्धा ते एक तास, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. सकाळची शाळा असेल आणि हे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. रोज तीच वेळ ठेवा म्हणजे झालं. पण यात एक गोम आहे, ती नीट वाचा. तुमचा टीएसएच ३.२ आलाय तो या चुकीच्या सवयीसकट आलाय. म्हणजे १०० पैकी जेवढी आत जात होती तेवढ्यावर डोस बसवला गेलाय. आता सवय सुधारली की तीच १०० ची गोळी जास्त लागू पडेल, आणि टीएसएच खाली घसरू शकतो. तेव्हा वेळ बदललीत की डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी करून उपयोग नाही, टी-४ रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात.

आणि म्हणूनच १२५ नको. डोस वाढवला की जोर येईल असं वाटणं साहजिक आहे, गाडीला जास्त पेट्रोल घातल्यासारखं. स्नायूचं तसं नाही. थायरॉईड जास्त झाला की स्नायूतलं प्रथिन बांधण्यापेक्षा मोडायला लागतं. ज्यांचा थायरॉईड मुळातच जास्त असतो त्यांच्याही मांड्या अशाच गळतात. भाच्याला हे सांगा, तो मान हलवेल. शिवाय पाळी जायचं वय जवळ आलंय, त्यात जास्तीचा थायरॉईड हाडं झिजवतो आणि हृदयाचे ठोके बेताल करू शकतो. टी-३ ची वेगळी गोळी जोडा, असंही कुणी सुचवेल. तुमच्या स्थितीत, आठव्या महिन्यात, मी तिकडे वळणार नाही.

आता स्नायूच्या चिठ्ठ्यांकडे परत येते. गोळीमुळे हमालाच्या हातात पुन्हा कागद-पेन आलं. चिठ्ठी तो काम करतानाच लिहितो. इंटरल्युकिन असो, आयरिसिन असो, सुटतं ते आकसणाऱ्या तंतूतून. त्यामुळे तुमचं आयरिसिन किती वाढेल याची मला काडीचीही फिकीर नाही. मला तुमची मांडी जमिनीवरून हात न टेकता उठायला हवी आहे.

स्वयंपाकघरातली किंवा वर्गातली एक टणक खुर्ची घ्या, हात नसलेली, भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभ्या राहा आणि बसा, मुलाला मोबाइलवर वेळ धरायला सांगा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये घातलेली रेघ आहे १२ सेकंदांची; त्याहून जास्त लागले तर पायांत काम करायला जागा आहे. तो आकडा कॅलेंडरवर लिहा. तुमची तपासणी हीच, आणि फुकट.

सीपीके उतरलेला दिसला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. खुर्चीवरून आठ वेळा उठबस, दमही घ्या, पुन्हा आठ. भिंतीला हात टेकून ढकलणं आठ-दहा वेळा, तो तुमचा फळ्याचा खांदा. ओट्याला धरून टाचा उचलणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठबस करताना छातीशी वह्यांचा एक गठ्ठा धरा, तुमच्याकडे वह्यांना तोटा नसणार. दुखणं दुसऱ्या दिवशी मांडीला जाणवलं तर ठीक. तिसऱ्या दिवशीही जिना उतरवत नसेल तर तुम्ही जास्त केलंत, निम्म्यावर या. अजिंक्यतारा सोडू नका, पण रविवारी पहिल्या वळणापर्यंतच जा आणि दम असतानाच परत फिरा. पुढच्या रविवारी वाटलं तर दहा पावलं पुढे. मॅरेथॉनवाल्या भाच्याला बरोबर नेलंत तर त्याला मागे चालायला लावा, पुढे नको.

ताटात प्रथिन हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम तरी. भाकरी-पिठलं, मटकीची उसळ, दही, चालत असेल तर अंडी, हे दोन्ही जेवणांत पसरून. सकाळी नुसते पोहे आणि रात्री सगळं, असं नको. सोयाबीन खात असाल तर थायरॉईडच्या गोळीच्या वेळेपासून लांब.

लघवी काळ्या चहासारखी झाली, गिळताना अडकायला लागलं, कमजोरी आठवड्याभरात झपाट्याने वाढली किंवा छातीत दुखलं, तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. आणि नव्या रिपोर्टनंतर थायरॉईड, डी, सीपीके सगळं सरळ असूनही सहा महिन्यांत उठताना हात टेकावाच लागला, तर स्नायूंच्या डॉक्टरांकडे जायचं. प्रत्येक कमजोरी थायरॉईडच्या खात्यावर लिहायची नसते. तुम्ही एकट्याही नाही. देशातल्या आठ शहरांत, मुंबई आणि गोवा धरून, २०१३ मध्ये छापून आलेल्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांत थायरॉईड कमी सापडला होता. तुमच्या स्टाफरूममध्ये विचारा, आणखी एखादी गोळी निघेल. ती कशाबरोबर घेतात तेही विचारा.

राहिला कोबी. त्यात थायरॉईडला अडवणारे पदार्थ असतात हे खरं, पण ते बोचतात कच्चा कोबी रोज परातभर खाल्ला आणि मिठात आयोडीन नसलं तर. शिजवल्यावर त्यांचा जोर बराच मोडतो, आणि तुमचं हार्मोन तर आता गोळीतून येतंय, त्याला कोबी काय करणार. उद्याच्या डब्यात फ्लॉवर-बटाटा द्या.